कुडा, अतिसार आणि औषधाची परीक्षा : एका लेखसंग्रहाची प्रस्तावना

सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर, कोकणातल्या कातळांच्या कडेने आणि विदर्भातल्या पानझडी रानांत जी झुडपे दरवर्षी सरपणासाठी तोडली जातात आणि दरवर्षी बुंध्यापासून पुन्हा जोमाने फुटतात, त्यांत कुड्याचे स्थान ठळक आहे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात त्याला पांढऱ्या, मंद सुवासाच्या फुलांचे घोस येतात. त्या फुलांची आणि पुढे कोवळ्या शेंगांची भाजी रानालगतच्या वस्त्यांत आवडीने खाल्ली जाते. पोट बिघडले की कुड्याचे पाळ ताकात उगाळून देण्याची रीत कोकणातल्या घराघरांत होती आणि काही घरांत आजही आहे. शहरात राहणाऱ्या, आणि झाड म्हणून कुडा कधीही न पाहिलेल्या माणसालाही तो कुटजारिष्टाच्या बाटलीतून, कुटजघनवटीच्या डबीतून किंवा काष्ठौषधीच्या दुकानातल्या इंद्रजवाच्या पुडीतून भेटलेला असतो. इतका दीर्घ आणि इतका सार्वत्रिक परिचय असलेल्या या औषधीविषयी मराठीत जे लिहिले गेले ते बहुधा गुणवर्णनाच्या स्वरूपाचे आहे. त्या गुणांची परीक्षा कोणी, केव्हा, कोणत्या रीतीने केली आणि त्या परीक्षेतून काय टिकले व काय गळाले, याची एकत्र मांडणी करणारे लेखन मात्र तुटक आणि विखुरलेले राहिले. वैद्य, वनस्पतिशास्त्रज्ञ, औषधिक्रियेचे अभ्यासक आणि आधुनिक वैद्यकातले चिकित्सक यांचे लेख प्रस्तुत संग्रहात एकत्र आणले आहेत ते ही उणीव काही अंशी भरून निघावी या हेतूने.

या विषयात नव्याने प्रवेश करणारा वाचक साहजिकच एक सरळ प्रश्न मनात घेऊन येतो: जुलाबावर कुडा गुणकारी आहे की नाही, आणि तो निर्धोक आहे की नाही? या प्रश्नाला होय किंवा नाही असे एकशब्दी उत्तर देणारे लोक दोन्ही पक्षांत पुष्कळ आहेत, आणि दोन्ही पक्षांचे आग्रह तितकेच प्रामाणिक आहेत. परंतु माझ्या मते हा प्रश्न ज्या स्वरूपात विचारला जातो त्या स्वरूपात तो अपुरा आहे. कोणता कुडा, त्याचे कोणते अंग, किती प्रमाणात, कोणत्या प्रकारच्या अतिसारात, त्या अतिसाराच्या कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या रोग्याला, या साऱ्या अटी प्रश्नात घातल्याखेरीज त्याला उत्तरच संभवत नाही. प्राचीन वैद्यकाने यांपैकी अवस्थेचा, म्हणजे औषध केव्हा द्यावे आणि केव्हा देऊ नये याचा विचार विलक्षण बारकाईने केला. आधुनिक औषधशास्त्राने प्रमाणाचा, म्हणजे किती द्यावे आणि कशाच्या तुलनेत त्याचा गुण मोजावा याचा विचार तितक्याच कसोशीने केला. खेदाची गोष्ट ही की, दोघांनी एकमेकांचे प्रश्न आपले म्हणून फारसे स्वीकारले नाहीत. कुड्याचा सारा इतिहास या न झालेल्या भेटीचा इतिहास आहे, आणि म्हणून तो थोड्या विस्ताराने सांगणे भाग आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ज्या ज्या कार्यासाठी जे जे द्रव्य श्रेष्ठ मानले त्यांची जी यादी आहे, तीत कुड्याच्या सालीला कफ, पित्त आणि रक्त यांचा स्राव आवरणाऱ्या व शोषून घेणाऱ्या द्रव्यांत अग्रस्थान दिले आहे. अर्शावर उपयोगी पडणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणातही कुटज आहे. आणि तरीही याच झाडाच्या बियांना कल्पस्थानातला एक स्वतंत्र अध्याय वाहिलेला असून तेथे त्यांचा उपयोग वमनासाठी सांगितला आहे. एकाच झाडाची साल स्तंभन करते आणि बी उलटी करविते, एवढ्या एका गोष्टीवरूनही ‘कुडा चांगला’ असे मोघम विधान किती धोक्याचे आहे हे ध्यानात यावे. त्याहून महत्त्वाचा भाग अतिसाराच्या चिकित्सेत येतो. चरकाने चिकित्सास्थानात आणि सुश्रुताने उत्तरतंत्रात आमावस्थेतला अतिसार व पक्वावस्थेतला अतिसार यांत कटाक्षाने भेद केला आहे. पहिल्या अवस्थेत शरीर जे बाहेर टाकू पाहत आहे ते अडवून धरू नये, लंघन आणि पाचन करावे, आणि संग्राही औषध नंतरच्या अवस्थेसाठी राखून ठेवावे, हा त्या विचाराचा गाभा होय. हा नियम मोडून आरंभीच मलाचा अवरोध केला तर पोटफुगी, ग्रहणी, पांडु, सूज अशी विकारांची रांग उभी राहते, असा इशाराही त्या ग्रंथांनी देऊन ठेवला आहे. आज आतड्यात जंतूंचा तीव्र संसर्ग असताना, विशेषतः ताप आणि रक्त यांसह जुलाब होत असताना, आतड्याची हालचाल थोपविणारी गोळी देऊ नये असे आधुनिक चिकित्सक सांगतो, तेव्हा तो निराळ्या परिभाषेत फार वेगळे सांगत नसतो. कुडा निर्धोक आहे काय या प्रश्नाचे पहिले आणि आजही अर्थपूर्ण असलेले उत्तर त्याच ग्रंथांत आहे ज्यांनी त्याला श्रेष्ठ म्हटले. ती श्रेष्ठता सशर्त आहे, आणि ती शर्त आज बाटलीवरच्या चिठ्ठीवर क्वचितच छापलेली आढळते.

दुसरा प्रश्न ओळखीचा. चरकानेच कुटजाचे पुरुष आणि स्त्री असे दोन भेद सांगितले: पहिला मोठ्या फळांचा व पांढऱ्या फुलांचा, दुसरा लहान फळांचा व सावळ्या-तांबूस छटेचा. पुढे निघंटुकारांनी आणि व्यवहाराने पांढरा कुडा व काळा कुडा, कडू इंद्रजव व गोडा इंद्रजव असे जोड निर्माण केले. आजच्या वनस्पतिशास्त्राप्रमाणे पांढरा कुडा म्हणजे होलऱ्हेना प्युबेसन्स आणि काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही चिकाची, दोन्हींच्या शेंगा जोडीने येणाऱ्या. पण औषध म्हणून ज्या अल्कलॉइडांची कीर्ती आहे ती पांढऱ्या कुड्याची. राइटियाच्या जोडशेंगा आरंभी टोकाशी चिकटलेल्या असतात, कुड्याच्या मोकळ्या लोंबतात. राइटियाच्या फुलात पाकळ्यांच्या आत झालरीसारखा मुकुट असतो, कुड्याच्या फुलात तो नसतो. झाड समोर असताना हा भेद शेतकऱ्याच्या पोरालाही कळतो. परंतु साल सोलून, वाळवून, पोत्यात भरून बाजारात आली की ही सारी लक्षणे मागे राहतात. घोटाळ्यात भर टाकली ती शास्त्रानेच. लिनीअसने 1753 मध्ये नेरियम अँटिडिसेंटेरिकम या नावाने ज्या झाडाची नोंद केली ते वस्तुतः सिंहलद्वीपातले राइटिया होते. पुढे ते अतिसारनाशक विशेषण आपल्या कुड्याला चिकटले, आणि दीडशे-दोनशे वर्षे युरोपातल्या औषधालयांत ही दोन झाडे एकमेकांच्या नावाने वावरली. एका झाडाच्या सालीने गुण आला की दुसऱ्याची मागणी वाढावी, आणि दुसऱ्याने निराशा केली की पहिल्याची पत जावी, असा प्रकार घडत राहिला. या काळातला कोणताही जुना अभिप्राय वाचताना, तो अनुकूल असो वा प्रतिकूल, वाचकाने प्रथम विचारावे की त्या वैद्याच्या हाती नेमकी कोणती साल होती.

या झाडाची कीर्ती समुद्रापलीकडे गेली ती गोव्याहून. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 मध्ये गोव्यात छापून प्रसिद्ध केलेल्या संवादरूप ग्रंथात ‘कोरु’ या नावाच्या झाडावर एक संवाद आहे, आणि एतद्देशीय वैद्य त्याचा उपयोग अतिसारावर करतात याची त्याने आदराने नोंद केली आहे. नवख्या मुलखात उतरलेल्या दर्यावर्द्यांना आणि शिपायांना आतड्याच्या विकारांनी जेरीस आणलेले असल्यामुळे अशा औषधाची चौकशी करणे ही त्या अंमलाची निकडीची गरजच होती. पुढे कोचीनच्या डच अंमलदाराने, व्हान ऱ्हीडने, सिद्ध करविलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 पासून ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध होऊ लागला, त्याच्या पहिल्याच खंडात हे झाड ‘कोडग पाल’ या मलबारी नावाने सचित्र आले. या ग्रंथाला मराठी वाचकाने आपुलकीने पाहावे असे एक कारण आहे: त्यातील माहितीची ग्वाही देणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तीन कोंकणी वैद्य होते आणि त्यांचे साक्षपत्र नागरी लिपीत त्या खंडात छापलेले आहे. केरळातले इट्टी अच्युतन वैद्य आणि हे तिघे यांच्या ज्ञानावाचून तो ग्रंथ उभा राहिला नसता. तेथून पुढे कोडगपाल, कोनेसी, तेलिचेरी अशा नावांनी ही साल युरोपात विकली जाऊ लागली.

रसायनशास्त्राचा अध्याय मात्र मुंबईत उघडतो. 1858 मध्ये मुंबईच्या वैद्यकीय संस्थेच्या कार्यवृत्तात हेन्स यांनी या सालीतून वेगळ्या केलेल्या अल्कलॉइडाचे वर्णन प्रसिद्ध केले. कोनेसीन या नावाने पुढे जगभर गाजलेले द्रव्य ते हेच. सालीतला कडूपणा आणि सालीतले सामर्थ्य यांना आता वजन करता येईल असे शरीर मिळाले. त्याच शहरात विल्यम डायमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या वनस्पतिज औषधांची तपशीलवार पाहणी केली, आणि वॉर्डेन व हूपर यांच्यासह सिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’मध्ये (1890–93) बाजारात प्रत्यक्ष काय जिन्नस मिळतो, त्यात भेसळ कशाची असते, वैद्य तो कसा वापरतात, याची विश्वसनीय माहिती दिली. कीर्तिकर व बसू यांचा 1918 चा सचित्र ग्रंथ हा त्याच परंपरेचा पुढचा टप्पा. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे आणि डॉ. वामन गणेश देसाई या दोघांनी केलेले काम मला व्यक्तिशः फार मोलाचे वाटते. पदे यांनी ‘वनौषधिगुणादर्शा’त निघंटूंतील ज्ञान सामान्य गृहस्थाच्या हाती दिले; देसाई यांनी ‘ओषधिसंग्रहा’त शास्त्रीय वर्णन, रासायनिक घटक आणि आयुर्वेदोक्त गुण एकाच नोंदीत शेजारी शेजारी मांडण्याचे धाडस केले. मुंबई राज्याच्या गॅझेटियरमध्ये शं. पु. आघारकर यांनी 1953 मध्ये लिहिलेला औषधी वनस्पतींचा भागही या पंक्तीतच बसविला पाहिजे.

इतक्यात रोगाचेच स्वरूप बदलले होते. म्हणजे रोग तोच, परंतु त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी निराळी झाली होती. 1875 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे लोश यांनी आवेच्या रोग्याच्या मळात अमीबा पाहिला. 1897 मध्ये जपानात शिगा यांनी आवेचा दंडाणू शोधून काढला. रक्त आणि आव पडणारा जो एकच रोग मानला जात होता, त्याची आता निदान दोन भिन्न कुळे झाली, आणि एकावर लागू पडणारे औषध दुसऱ्यावर लागू पडेलच अशी खात्री उरली नाही. कुड्याविषयीच्या परस्परविरुद्ध अनुभवांचा पुष्कळसा उलगडा येथे होतो. 1912 मध्ये कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी अमीबाजन्य आवेवर एमेटिनची टोचणी द्यावयास प्रारंभ केला आणि तिचा गुण चमत्कार वाटावा असा होता. परंतु एमेटिन हृदयाच्या स्नायूला घातक ठरते हे लवकरच अनुभवास आले आणि सौम्य पर्यायाचा शोध सुरू झाला. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुर्चीकडे, म्हणजे आपल्या कुड्याकडे, लक्ष वळविले ते या पार्श्वभूमीवर. सालीतील एकूण अल्कलॉइडे बिस्मथ व आयोडीन यांच्याशी संयुक्त करून केलेले कल्प त्या काळी रुग्णालयांत वापरात आले. चोप्रांची भूमिका, जी त्यांच्या 1933 च्या ‘इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया’ या ग्रंथात स्पष्ट दिसते, अशी होती की देशी औषधांतली जी कसोटीला उतरतील ती ठेवावी, जी उतरणार नाहीत ती निःसंकोच सोडावी, आणि जी ठेवावयाची ती प्रमाणित करावी. 1955 च्या पहिल्या भारतीय औषधकोशात कुर्चीच्या सालीला स्थान मिळाले आणि तीत एकूण अल्कलॉइडे किमान 2 टक्के असावीत अशी मर्यादा घातली गेली, हे त्या भूमिकेचे फळ म्हणावे लागेल.

चोप्रांच्या या संप्रदायाने कुड्याला जी प्रतिष्ठा दिली तीसाठी आपण कृतज्ञ असले पाहिजे. तथापि त्यांच्या पद्धतीतला एक मोठा दोषही सांगितला पाहिजे. साल सोडून अर्क, अर्क सोडून अल्कलॉइड, आणि अनेक अल्कलॉइडे सोडून एकटे कोनेसीन, असा प्रवास करताना औषध अधिकाधिक तीव्र होत गेले आणि त्याच्याविषयीच्या जुन्या अटी एकेक करून गळून पडल्या. त्याचे परिणाम विसाव्या शतकाच्या मध्यास दिसले. फ्रेंच वैद्यांनी आफ्रिकेतील वसाहतींत आणि खुद्द फ्रान्समध्ये शुद्ध कोनेसीन अमीबाजन्य आवेवर मोठ्या प्रमाणात वापरले. ते गुणकारी ठरले, पण त्याबरोबरच निद्रानाश, अस्वस्थता, कंप, आणि काही रोग्यांत चित्तभ्रमापर्यंत पोचणारी लक्षणे नोंदली गेली. आतड्यासाठी दिलेले औषध मेंदूपर्यंत पोचते हे त्या नोंदींनी सिद्ध केले. पुढे 2008 मध्ये कोनेसीन मेंदूतील हिस्टामिनच्या एका विशिष्ट ग्राहकाला अडविते असे प्रयोगशाळेत दाखविले गेले, आणि हा ग्राहक जागृतावस्थेशी निगडित असल्यामुळे जुन्या वैद्यांच्या निद्रानाशाच्या नोंदी नव्या अर्थाने वाचाव्याशा वाटतात. 1966 मध्ये डर्बनच्या संशोधकांनी मेट्रोनिडाझोल अमीबाच्या आवेवर आणि यकृतातल्या विद्रधीवरही प्रभावी असल्याचे दाखविले, आणि कुर्चीचे कल्प रुग्णालयांतून हळूहळू नाहीसे झाले. त्यांचा पराभव झाला असे म्हणण्यापेक्षा त्यांची तुलनाच थांबली असे म्हणणे मला अधिक यथार्थ वाटते; ज्या वैद्यकाने त्यांना वर उचलले होते त्यानेच त्यांना पूर्ण तपासण्याआधी बाजूला ठेवले.

महाराष्ट्रात याच सुमारास शुद्ध आणि मिश्र आयुर्वेदाचा वाद ऐन भरात होता. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला आधुनिक शरीरक्रिया आणि रोगनिदान शिकवावे की नाही, यावर परिषदांत, मासिकांत आणि अभ्यासक्रमांच्या समित्यांत प्रदीर्घ खल झाला. चोप्रांच्याच अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने 1948 मध्ये समन्वयाच्या बाजूने कौल दिला होता. वादाच्या त्या धुमश्चक्रीत कुड्यासारख्या औषधाची शेकडो रोग्यांवर केलेली, मळ तपासून निदान पक्के केलेली आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवलेली परीक्षा कोणी करावयाची, हा साधा प्रश्न दोन्ही पक्षांकडून मागे पडला. शुद्धवाद्यांना सूक्ष्मदर्शकाची गरज वाटली नाही, आणि सूक्ष्मदर्शक हाती असलेल्यांना आमपक्वविवेकाची गरज वाटली नाही. पुढील काळात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्यासारख्या औषधिक्रियेच्या अभ्यासकांनी दोन्ही भाषा आत्मसात करून आयुर्वेदीय औषधांची परीक्षा करण्याचा जो मार्ग घालून दिला, त्याचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे.

मग आज कुड्याच्या गुणाविषयी निश्चयाने काय म्हणता येते? प्रयोगशाळेत सालीच्या अर्काची आणि अल्कलॉइडांची अमीबाविरुद्ध व काही जीवाणूंविरुद्ध क्रिया दिसते. प्राण्यांच्या आतड्यावर अर्काचे दुहेरी परिणाम, म्हणजे काही परिस्थितीत आकुंचन आणि काही परिस्थितीत शैथिल्य, नोंदले गेले आहेत. जीवाणूंनी प्रतिजैविक बाहेर फेकण्याची जी यंत्रणा विकसित केली आहे तिला कोनेसीन अडथळा करते असेही अलीकडच्या काळात दिसून आले आहे. हे सारे आशादायक आहे, परंतु काचेच्या नळीतला जंतू आणि माणसाच्या आतड्यातला जंतू यांत फार मोठे अंतर असते. माणसांवर झालेल्या अभ्यासांत अमीबाच्या जुनाट विकारात आणि जिआर्डियाच्या संसर्गात गुण आल्याचे दाखले आहेत. पण ते बहुतांशी लहान संख्येवर, तुलनागटाशिवाय केलेले आहेत. बहुसंख्य तीव्र जुलाब औषधावाचूनही काही दिवसांत थांबतात, ही गोष्ट ज्याने हिशेबात धरली नाही त्याला कोणत्याही औषधाचा गुण सिद्ध केल्याचे समाधान सहज मिळू शकते. म्हणून माझा अभिप्राय असा की, कुड्याच्या बाजूने असलेला पुरावा त्याच्या गंभीर परीक्षेची मागणी करण्याइतका भक्कम आहे, पण त्याच्या भरवशावर सिद्ध उपचार टाळण्याइतका नाही. या संग्रहातील सर्वच लेखकांना हे मत मान्य होईल असे नाही, आणि तसे व्हावे अशी अपेक्षाही नाही.

अपायाच्या बाबतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली, औषधीचा स्वतःचा परिणाम: परंपरागत काढ्याच्या मात्रेत सालीने गंभीर अपाय झाल्याच्या नोंदी फारशा नाहीत, परंतु मलावरोध, पोटफुगी, मळमळ ही लक्षणे दिसू शकतात, आणि गर्भिणीला व स्तनपान करणाऱ्या मातेला ती निर्धोक असल्याचा पुरावा नसल्यामुळे तेथे वर्ज्य मानणेच शहाणपणाचे. जितका अर्क संहत, तितकी शुद्ध कोनेसीनची जुनी नोंद अधिक लागू. दुसरी, औषधाबरोबर येणाऱ्या इतर वस्तूंचा परिणाम: आपण कुडा म्हणून घेतो त्यात साल एकटी नसते. कुटजारिष्टात मनुका, मोहाची फुले, शिवण, धायटी आणि गूळ असतात आणि संधानातून निर्माण झालेला मद्यार्क असतो. ग्रहणीवर दिल्या जाणाऱ्या पर्पटीकल्पांत पारा आणि गंधक असतात, आणि त्या कल्पांचे दायित्व सालीवर टाकणे जितके अन्यायाचे, तितकेच सालीच्या निर्दोषत्वाचे पांघरूण त्या कल्पांवर घालणेही. अमेरिकेतील बोस्टन येथे विकत घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी ते परकीयांचे कारस्थान ठरविले. त्याऐवजी प्रत्येक उत्पादकाकडे धातूंच्या तपासणीचा दाखला मागण्याची वहिवाट पडली असती तर आयुर्वेदाची पत अधिक वाढली असती. तिसरी गोष्ट सर्वांत घातक आणि सर्वांत दुर्लक्षित: विलंब. मळातून रक्त पडण्याचे कारण आव हेच असते असे नाही. आतड्याचा क्षय, व्रणयुक्त बृहदांत्रशोथ, मोठ्या आतड्याचा कर्करोग ही कारणेही त्यामागे असू शकतात, आणि संग्राही औषधाने तात्पुरता आराम पडल्यामुळे निदान महिनोन्‌महिने लांबणीवर पडते.

येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की पोटाच्या औषधातला धोका वनस्पतींचीच मक्तेदारी नव्हे. क्लिओक्विनॉल हे रासायनिक औषध जुलाबावरची निरुपद्रवी गोळी म्हणून जगभर घरोघरी घेतले जात होते. जपानात त्यामुळे हजारो लोकांची दृष्टी आणि पाय अधू झाले आणि 1970 मध्ये तेथे त्याची विक्री बंद करावी लागली. आपल्या देशात ते त्यानंतरही दीर्घकाळ विकले जात राहिले. रोजच्या आणि किरकोळ समजल्या जाणाऱ्या विकारावरचे औषध चिठ्ठीवाचून, हिशेबावाचून घेतले जाते, आणि म्हणून त्याच्या अपायाची नोंद सर्वांत उशिरा होते. हा नियम सालीला आणि गोळीला सारखाच लागू आहे.

हा विषय आजच हाती घेण्याची निकड दोन बाजूंनी आहे. प्रतिजैविकांना न जुमानणारे आतड्याचे जंतू वाढत असताना सौम्य आणि निराळ्या मार्गाने काम करणाऱ्या द्रव्यांचा शोध जगभर पुन्हा सुरू झाला आहे, आणि कुडा त्या यादीत आहे. दुसऱ्या बाजूने, जी साल एकेकाळी घरातले माणूस ओळखीच्या झाडावरून गरजेपुरती काढून आणी, ती आता दलालांमार्फत पोत्यांनी गोळा होते. बुंध्याभोवतीची साल पूर्ण सोलली की वरचे झाड मरते, आणि मूळच उपटले तर पुन्हा फुटवा यावयास काही उरत नाही. मागणी वाढली की काळ्या कुड्याची साल पांढऱ्यात मिसळण्याचा मोहही वाढतो. 1940 च्या औषधविषयक कायद्यात 1964 मध्ये आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले, परवान्याची व्यवस्था आली. पण परवाना कारखान्याला मिळतो आणि घोटाळा रानातच झालेला असतो. रानातून साल आणणाऱ्या बाईला झाडाची जी ओळख असते ती परवान्याच्या दप्तरात कोठेही रुजू होत नाही. तिचे ज्ञान आणि तिचा मोबदला या दोन्ही गोष्टी औषधाच्या शुद्धतेच्या प्रश्नाचाच भाग आहेत असे मी मानतो.

या संग्रहाची योजना करताना लेखकांपुढे ठेवलेली अपेक्षा एकच होती: प्रत्येकाने आपल्या शास्त्राचा प्रश्न दुसऱ्या शास्त्राच्या माणसाला कळेल अशा मराठीत मांडावा आणि दुसऱ्याच्या प्रश्नाला टाळू नये. त्यामुळे आमावस्थेचे विवेचन करणाऱ्या वैद्याला येथे मळाच्या तपासणीविषयी बोलावे लागले आहे, आणि अल्कलॉइडांचे पृथक्करण करणाऱ्या शास्त्रज्ञाला अनुपानाचा, ऋतूचा आणि रोग्याच्या बळाचा विचार करावा लागला आहे. काही ठिकाणी त्यांची मते उघड विरोधात जातात. ती मुद्दाम तशीच ठेवली आहेत. पुढील संशोधनासाठी कोणत्या प्रकारची परीक्षा सर्वांना मान्य होईल याचा एक आराखडाही लेखकांनी एकत्र बसून तयार केला आहे, आणि तो केवळ तीव्र जुलाबाचा नसून निदान पक्के झालेल्या, अवस्था ठरविलेल्या, ओळख पटविलेल्या सालीने उपचार केलेल्या रोग्यांचा आहे. माझ्या दृष्टीने हा आराखडा म्हणजे या पुस्तकाचे सर्वांत उपयुक्त पान होय, कारण त्यात प्रथमच दोन्ही वैद्यकांचे प्रश्न एका कागदावर आले आहेत.

हे पुस्तक घरगुती उपचारांचे नाही. त्यात मात्रा आहेत त्या अभ्यासकांसाठी, स्वतःवर प्रयोग करणाऱ्यांसाठी नव्हेत. लहान मुलाला जुलाब लागले असता त्याच्या शरीरातले पाणी आणि क्षार टिकविणे हेच पहिले काम होय. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने जे प्राण वाचविले त्याची सर कोणत्याही सालीला, कोणत्याही गोळीला येणार नाही. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, मळात रक्त दिसले किंवा ताप चढला, तर द्रावण पाजत पाजत त्याला जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि कुड्याचा विचार तेथील चिकित्सकाशी बोलल्यावरच करावा.